मलपे : बंदर, बेटे आणि संयमाचे दोन महिने

दक्षिण कर्नाटकातील तुळुनाड हा प्रदेश मराठी श्रावक कुटुंबांना परका नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगाव या भागांतून श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघालेले संघ पुढे घाट उतरून धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री आणि कारकळ असे दर्शन घेत जातात. कारकळच्या टेकडीवर १४३२ साली वीर पांड्य भैररस राजाने प्रतिष्ठापित केलेली बेचाळीस फूट उंचीची श्रीबाहुबलींची मूर्ती पाहिली, मूडबिद्रीच्या हजार खांबांच्या बसदीत सामायिक केले, की यात्रा पूर्ण झाल्याचे समाधान घेऊन बहुतेक मंडळी परतीची वाट धरतात. तेथून सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेला समुद्र आहे, उडुपी आहे, उडुपीपासून सहा किलोमीटरवर मलपे नावाचे बंदर आहे आणि त्यासमोर खोल पाण्यात काळ्या खडकांची चार बेटे आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. पण पाय तिकडे वळत नाहीत.

याचे कारण उघड आहे. मलपे हे मासेमारीचे गाव आहे. कर्नाटकातील सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते. अहिंसेचे व्रत घेतलेल्या घरातील मुलांना अशा ठिकाणी न्यावे काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नाही. परंतु जो प्रदेश आपल्या तीर्थांनी समृद्ध झाला आहे, त्याच्या किनाऱ्यावर कोणती माणसे राहतात, ती कशी जगतात आणि त्यांच्या जगण्याशी आपल्या व्यवहाराचा काही संबंध आहे की नाही, हे डोळे उघडे ठेवून पाहण्यासाठी एक दिवस काढला, तर तो वाया जात नाही.

समुद्रमार्गाने आलेले वैभव

तुळुनाडातील बसद्या डोंगरकपारीत व भातशेतीत उभ्या असल्या, तरी त्यांच्या वैभवाचा एक झरा समुद्राकडून आलेला आहे. उडुपीच्या उत्तरेस सीता नदीच्या काठी बारकूर हे गाव आहे. आळुप राजांच्या काळी ते राजधानीचे ठिकाण होते आणि तेथील बंदरातून तांदूळ बाहेर जात असे. आज तेथे कत्तले बसदीचे भग्न दगडी अवशेष शिल्लक आहेत. घाटावरची मिरी आणि किनाऱ्यावरचा तांदूळ यांच्या व्यापारावर या भागातील श्रेष्ठी संपन्न झाले. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी १४३० साली उभी राहिली, तिच्या उभारणीत राजाबरोबर या व्यापाऱ्यांचाही वाटा होता. समुद्र हा येथील जैन समाजाला कधी परका नव्हता; तो त्यांच्या वखारींचा रस्ता होता.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना नवलाची वाटेल. तुळुनाडातील स्थानिक जैन, बंट आणि किनाऱ्यावरचे मोगवीर मच्छिमार या समाजांत पूर्वी ‘अळिय संतान’ नावाची वारसापद्धती होती. तीत मालमत्तेचा वारसा मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाई. आहार आणि आचार पूर्ण भिन्न असूनही घरातील स्त्रीच्या स्थानाविषयी हे समाज एका परंपरेने बांधलेले होते. मलपेच्या बाजारात व्यवहार करणाऱ्या स्त्रिया ज्या आत्मविश्वासाने बोलताना दिसतात, त्याची मुळे या परंपरेत शोधता येतात.

बंदराची सकाळ

उद्यावर नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे मलपेचे बंदर आहे. पहाटेच येथे वर्दळ सुरू होते. खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर एकदा निघाले की आठ-दहा दिवस परतत नाहीत. निघण्यापूर्वी त्यांत डिझेल, बर्फ, गोडे पाणी आणि शिधा भरला जातो. तांडेल नौका चालवतो, बाकीचे खलाशी जाळ्यांचे काम करतात. नौका परतली की माल उतरवणे, लिलाव, तोलाई, भरणी ही कामे काही तासांत उरकावी लागतात, कारण हा माल थांबत नाही. लिलावातून आलेल्या रकमेतून आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेची मालक व खलाशी यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटणी होते. फेरी रिकामी गेली तर खर्च मालकाच्या अंगावर बसतो आणि खलाशाचे दहा दिवस व्यर्थ जातात. उधारी, व्याज, हंगाम आणि नशीब यांचे गणित ज्यांनी दुकानाच्या गादीवर बसून केले आहे, त्यांना ही वही परकी वाटणार नाही.

बंदरातील दृश्य व वास शाकाहारी कुटुंबाला सोसवतीलच असे नाही. ज्यांना ते नको असेल त्यांनी लिलावाच्या ओट्याकडे न जाता बंदराच्या कडेने बेटांच्या नौकेकडे जावे. मात्र नाकाला रुमाल लावून मोठ्याने नापसंती व्यक्त करणे हे कोणत्याही व्रतात बसत नाही. समोरचा माणूस आपल्या पोटासाठी राबत असतो, आणि वाणीनेही कोणाचे मन दुखवू नये हे अहिंसेचेच अंग आहे.

या भागातील कष्टकऱ्यांच्या बचतीतून जन्मलेली एक गोष्ट तर महाराष्ट्रातील प्रत्येक बाजारपेठेत पोचलेली आहे. उडुपी या लहानशा गावात १९०६ साली हाजी अब्दुल्ला या व्यापाऱ्याने सहकाऱ्यांसह एक बँक स्थापन केली, ती पुढे कॉर्पोरेशन बँक म्हणून ओळखली गेली. १९२५ साली उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी उडुपीतच दुसरी बँक सुरू केली, तीच पुढची सिंडिकेट बँक. या दुसऱ्या बँकेने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेव योजना काढली. बँकेचा प्रतिनिधी रोज दारोदार जाऊन दोन आण्यांची बचतही गोळा करी. हातावर पोट असलेल्या माणसाला बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, बँकेनेच त्याच्या दाराशी यावे, हा त्यामागचा विचार होता. आज सांगली-इचलकरंजीपासून सोलापूरपर्यंत दुकानादुकानांतून रोज फिरणारा पिग्मी एजंट हा त्या दोन आण्यांचाच वारसदार आहे. २०२० साली या दोन्ही बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या. पण ‘पिग्मी’ हा शब्द मराठी व्यापाऱ्याच्या बोलीत कायम राहिला.

परत न आलेली नौका

मलपेच्या बंदरात उभे राहून बोलताना एक नाव टाळता येत नाही. ‘सुवर्ण त्रिभुज’ ही खोल समुद्रातील मासेमारीची नौका १३ डिसेंबर २०१८ रोजी सात जणांना घेऊन मलपेहून निघाली. दोन-तीन दिवसांत तिच्याशी संपर्क तुटला. शोध सुरू झाला, आठवडे उलटले. जानेवारी २०१९ मध्ये हजारो मच्छिमार रस्त्यावर उतरले आणि शोधाला वेग देण्याची मागणी त्यांनी केली. अखेर मे महिन्याच्या प्रारंभी नौदलाने जाहीर केले की नौकेचे अवशेष महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून, मालवणपासून, सुमारे ३३ किलोमीटर अंतरावर, साठेक मीटर खोल पाण्यात सापडले आहेत. सातांपैकी कोणीही घरी परतले नाही.

ज्यांच्या घरचा माणूस समुद्रात नाहीसा होतो, त्यांच्यापुढे दुःखाबरोबर कागदांचाही प्रश्न उभा राहतो. मृतदेह नसेल तर मृत्यूचा दाखला सहजी मिळत नाही. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत मानावे, असे कायद्याचे सर्वसाधारण गृहीतक आहे. तोवर विमा, वारसा, कर्ज यांचे व्यवहार अडून राहू शकतात. पत्नीला विधवा म्हणावे की वाट पाहणारी, हे गावालाही कळत नाही. अलीकडे केंद्र शासनाच्या योजनेतून मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे बसवली जात आहेत. संकटात सापडलेल्या तांडेलाला किनाऱ्याशी संपर्क साधता यावा, हा त्यांचा हेतू आहे.

व्यापारात जोखीम असते, असे आपण सहज म्हणतो. त्या जोखमीत बहुधा पैसा जातो. येथे माणूस जातो. मच्छिमाराचा व्यवसाय श्रावकाला मान्य नसेल. त्याच्या घरावर कोसळलेले दुःख मात्र तितकेच खरे आहे. करुणेला आपल्या पसंतीचा व्यवसाय लागत नाही.

काळ्या खडकांची बेटे

मलपेहून सेंट मेरी बेटांकडे जाण्यास सुमारे अर्धा तास लागतो. मोठी नौका बेटाजवळ थांबते आणि प्रवासी लहान होडीत उतरून किनाऱ्याला लागतात. १४९८ साली वास्को द गामाने येथे मेरीचे नाव दिले, असे सांगितले जाते. स्थानिक तुळू भाषेत या बेटांना ‘तोन्से पार’ म्हणतात. चार मुख्य बेटांपैकी नारळाचे बेट पर्यटकांसाठी खुले असते. तेथे वस्ती नाही. नारळीच्या झाडांची सावली, शंख-शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेला किनारा आणि चहूकडे दगडी खांब, एवढेच त्याचे वैभव आहे. शेजारच्या एका बेटाचे नाव दर्याबहादूरगड असून बिदनूरच्या नायकांनी तेथे बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत.

हे खांब कोणी घडवलेले नाहीत. भूगर्भातून वर आलेला तप्त रस हळूहळू थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. रस एकसारखा थंड होत गेला, तर तडेही एकसारख्या अंतरावर पडतात आणि वरून खाली सरळ जातात. त्यातून पाच, सहा, सात बाजूंचे उभे स्तंभ तयार होतात. चिखल वाळल्यावर तळ्याच्या तळाशी जी नक्षी उमटते, तिचेच हे दगडातील रूप म्हणता येईल. येथील काही स्तंभ सहा मीटरपर्यंत उंच आहेत. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल, तर हा प्रकार त्यांच्या परिचयाचा आहे. फरक असा की गिल्बर्ट टेकडी काळ्या बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे. सेंट मेरी बेटांचा खडक वेगळ्या जातीचा, सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला आणि सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भारत आणि मादागास्कर हे भूभाग एकमेकांपासून अलग होत असताना जो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्याशी शास्त्रज्ञ या खडकाचा संबंध जोडतात. म्हणूनच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

ज्या मुलांनी आदल्या दिवशी मूडबिद्रीच्या बसदीत शिल्पकारांनी घडवलेले खांब मोजले असतील, त्यांनी दुसऱ्या दिवशी कोणीही न घडवलेले हे खांब पाहावेत. यात्रा आणि शिक्षण यांचा असा मेळ क्वचित जमतो.

पाहावे, उचलू नये

बेटावर उतरताच लहान मुलांचे हात शिंपल्यांकडे जातात. येथे पालकांनी दोन गोष्टी सांगाव्यात. शंख, शिंपला, कवडी हे जीव आपल्या शास्त्रात द्वींद्रिय म्हणून सांगितले आहेत. पाण्याच्या कडेला पडलेल्या शंखात मूळ जीव असू शकतो किंवा रिकाम्या शंखात एखादा खेकडा घर करून राहिलेला असू शकतो. आणि जेथे जीव उरलेला नाही, तेथेही ते तुकडे म्हणजे त्या किनाऱ्याची माती आहे. येणाऱ्या प्रत्येकाने मूठभर नेले तर किनाराच उरणार नाही. ‘न दिलेले घेऊ नये’ हे अचौर्याचे सूत्र येथे मुलांना पुस्तकाविना शिकवता येते.

दुसरी सूचना जिवाच्या काळजीची आहे. हे खडक ओले आणि शेवाळलेले असतात, कडेला पाणी एकदम खोल होते आणि लाट सांगून येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सहलीसाठी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी येथील खडकांवरून पाण्यात पडले आणि बुडून मृत्युमुखी पडले. छायाचित्रासाठी कड्यावर जाण्याचा मोह अनेकांना जडला आहे. रक्षकाने शिटी वाजवली तर वाद न घालता मागे यावे. पोहण्याची ही जागा नव्हे. बेटावर प्लास्टिक व मद्य नेण्यास मनाई असते, पिशव्या तपासल्या जातात. त्याबद्दल कुरकुर न करता सहकार्य करावे.

संयमाचे दोन महिने

मलपेच्या समुद्रात वर्षातून दोन महिने पूर्ण शांतता असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो हे एक कारण; अनेक जातींचे मासे याच काळात प्रजनन करतात हे दुसरे. नौका बंदरात ओळीने उभ्या राहतात, जाळी दुरुस्त होतात, बाहेरगावचे खलाशी घरी जातात. बंदी संपल्यावर मोगवीर समाज वडभांडेश्वर येथे समुद्राची पूजा करतो आणि मग नौका पाण्यात जातात.

श्रावकाला यावरून चातुर्मास आठवेल. पावसाळ्यात भूमीवर जीवांची उत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. किनाऱ्यावरही जवळजवळ त्याच ऋतूत, नव्या जीवांच्या उत्पत्तीसाठीच, नौका थांबतात. हे साम्य लक्षणीय असले तरी दोहोंतील भेद विसरता कामा नये. साधूचा संयम जीवदयेसाठी आहे, फळाची अपेक्षा न ठेवता केलेला आहे. मच्छिमाराचा संयम पुढच्या हंगामासाठी आहे. एक व्रत आहे, दुसरा कायदा. तरीही निसर्गाकडून घेताना कोठेतरी थांबावे लागते, हे दोघांनाही मान्य आहे.

हे थांबणे जेथे मोडते, तेथे संकट सुरू होते. अतिशय बारीक आसाची जाळी वापरली की पूर्ण वाढ न झालेली पिलेही ओढली जातात. रात्री प्रखर दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून पकडण्याची आणि दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्याची पद्धतही काही ठिकाणी रूढ झाली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दोन्हींवर बंदी घातली, तरी त्यावरून किनाऱ्यावर तंटे होतच असतात. लहान होड्यांचे पारंपरिक मच्छिमार म्हणतात, मोठ्यांनी समुद्र रिकामा केला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर जगायचे सोडून मुद्दल खाण्याचा हा प्रकार आहे, आणि मुद्दल खाणाऱ्या पेढीचे पुढे काय होते हे कोणाला सांगायला नको.

येथे व्यापारी कुटुंबांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. जाळ्यात आलेला लहान, बाजारात न खपणारा माल पुष्कळदा कारखान्यात जातो. त्याची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात मिसळली जाते. ज्याच्या ताटात मासा कधी येत नाही, त्याच्या गुदामातून मात्र जाळ्यांचा नायलॉन धागा, बर्फाच्या कारखान्याची यंत्रे किंवा पशुपक्ष्यांच्या खाद्याची पोती जात असू शकतात. श्रावकाचारात कर्मादानांचा विचार याचसाठी सांगितला आहे : केवळ काय खातो हे पाहून भागत नाही, कशावर कमावतो हेही पाहावे लागते. मलपेच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मच्छिमाराकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपल्या मालाची वही उघडून एकेक नोंद पाहणे अवघड आहे. या सहलीतून घरी नेण्यासारखे काही असेल, तर ते हेच.

दिवसाची आखणी

बेटांकडे जाणाऱ्या नौका पावसाळ्यात बंद असतात. साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच जाता येते. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखद असतो. मुंबई-रत्नागिरीकडील कुटुंबांना कोकण रेल्वेने थेट उडुपीला उतरता येते. घाटमाथ्यावरून येणाऱ्यांनी आदल्या रात्री मूडबिद्री किंवा कारकळ येथे मुक्काम करावा. सकाळच्या पूजेनंतर निघाल्यास दहाच्या सुमारास मलपे गाठता येते. दुपारी ऊन तीव्र असल्याने बेटावर दीड-दोन तास पुरेसे होतात. टोपी, उकळलेले पाणी आणि घसरणार नाहीत अशी पादत्राणे सोबत असावीत.

उडुपीतील मठांच्या परंपरेतील स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे भोजनाची सोय सुलभ आहे. परंतु सांबारात बटाटा, सुरण यांसारखी कंदमुळे असू शकतात. कंदमुळांचा त्याग असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे. रात्रिभोजन न करणाऱ्या कुटुंबांना येथे वेगळी कसरत करावी लागत नाही, कारण बेटावरून परतीची शेवटची होडीही दिवस मावळण्याआधीच निघते. किनाऱ्यावर उतरून चौविहारापूर्वीचे भोजन उडुपीत आटोपले, की अंधार पडताना कारकळच्या रस्त्याला लागता येते.

त्या वेळी मलपेच्या बंदरात दिवे लागलेले असतात. काही नौका दहा दिवसांसाठी निघण्याच्या तयारीत असतात, त्यांच्यात बर्फ भरला जात असतो आणि धक्क्यावर कोणीतरी निरोप द्यायला उभे असते. त्यांचा मार्ग आपला नव्हे. तरी ते सुखरूप परत यावेत, एवढी भावना मनात धरून निघण्यास कोणत्याही व्रताची आडकाठी नाही.